मुलाला जाहिरातीत किंवा मालिकेत पाठवताना: एजन्सी, करार, कायदा आणि पैशांचा हिशोब

लहान मुलांच्या जाहिराती, कपड्यांचे कॅटलॉग, वेब सिरीज आणि मालिका यांचं बरंचसं कास्टिंग मुंबईत होतं, त्यातही अंधेरी-वर्सोव्याच्या पट्ट्यात. मराठी मालिकांची चित्रीकरणं ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून कोल्हापूर, साताऱ्यापर्यंत पसरली आहेत. तरी मूल निवडायची पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच. पालक या जगात शिरतात ते बहुतेक वेळा एखाद्या फॉरवर्ड झालेल्या मेसेजवरून: ‘अर्जंट, ४ ते ७ वर्षं, बोलकी मुलं हवीत, बिस्किटाची अ‍ॅड, पेमेंट चांगलं.’ मेसेज खरा आहे की खोटा, हे कळायला आधी या धंद्यात कोण कोणाला पैसे देतं ते माहीत हवं.

कोण कोण असतं

प्रॉडक्शन हाऊस जाहिरात किंवा मालिका बनवतं. कास्टिंग डायरेक्टर त्यांच्यासाठी मुलं शोधतो आणि त्याची फी प्रॉडक्शनच देतं. एजन्सी आणि कोऑर्डिनेटर मुलांचे प्रोफाइल बाळगतात, कास्टिंगवाल्यांकडे पाठवतात, तारखा आणि मानधन ठरवतात. त्यांची कमाई म्हणजे मुलाच्या मानधनातला हिस्सा, साधारण १५ ते ३० टक्के, बऱ्याच ठिकाणी २०. एजन्सीचं ऑफिस असतं, करार असतो. कोऑर्डिनेटर अनेकदा एकटाच माणूस असतो आणि सगळा कारभार फोनवर चालतो. एकटा असला म्हणजे तो लबाड असतो असं नाही. चांगले कोऑर्डिनेटर मोठ्या एजन्सीपेक्षा जास्त कामं आणतात.

सरळ कामात पैसा प्रॉडक्शनकडून निघतो आणि खाली येतो. मुलाला काम मिळालं तरच मधल्या माणसाला काही मिळतं. तो पैसा तुमच्या खिशातून वर जायला लागला, मग त्याला रजिस्ट्रेशन म्हणा, पोर्टफोलिओ म्हणा, ग्रूमिंग किंवा डिपॉझिट म्हणा, तर समोरच्याचा धंदा कास्टिंगचा नसून पालकांवर चालणारा आहे.

मूल या कामाला तयार आहे का

दिसण्याचा भाग इथे लोकांना वाटतो त्याहून बराच कमी आहे. अनोळखी माणसाने नाव विचारल्यावर मूल आईच्या मागे न लपता बोलतं का? एकच गोष्ट, म्हणजे दारातून धावत येऊन दुधाचा ग्लास उचलणं, चार-पाच वेळा न कुरकुरता करतं का? तुम्ही दहा फुटांवर उभे असताना दुसऱ्या माणसाचं ऐकतं का? तिन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर सहा महिने थांबा. मुलं लवकर बदलतात.

वयापेक्षा लहान दिसणाऱ्या मुलांना मागणी जास्त असते. आठ वर्षांचं मूल सहा वर्षांचं दिसत असेल तर ते सूचना कळणारं असतं आणि पडद्यावर लहान दिसतं. म्हणून प्रोफाइलमध्ये खरं वय आणि खरी उंची दोन्ही लिहा. वय चोरून लिहिण्याची गरज नाही. जन्मदाखला मागितल्यावर ते उघडं पडतंच.

तान्ह्या बाळांच्या पालकांसाठी एक गोष्ट. १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बाळांसाठीच्या दुधाच्या पावडरी, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या मुलांचं तयार अन्न यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. डब्यावर बाळाचं चित्रही छापता येत नाही. त्यामुळे ‘आठ महिन्यांचं बाळ हवं, बेबी फूडची अ‍ॅड आहे’ असा फोन आला तर तो माणूस एकतर कायदा जाणत नाही, नाहीतर तशी जाहिरातच अस्तित्वात नाही. बाळांना खरं काम मिळतं ते डायपर, साबण, तेल आणि कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये.

अभिनयाचा पाया घालायचा असेल तर महागड्या ‘कॅमेरा अ‍ॅक्टिंग’ क्लासआधी जवळची बालनाट्य शिबिरं बघा. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरपासून आणि रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यापासून चालत आलेली ही वाट आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धाही आहे. तिथे मूल वाट बघायला, दुसऱ्याचं वाक्य संपू द्यायला आणि गर्दीत काम करायला शिकतं. सेटवर नेमकं हेच लागतं. एक तोटा मात्र आहे. रंगमंचावरचा मोठा आवाज आणि मोठे हावभाव कॅमेऱ्यासमोर कमी करून घ्यावे लागतात.

फोटो आणि माहितीचा कागद

पोर्टफोलिओवर वीस-तीस हजार घालवू नका. मुलाचा चेहरा सहा महिन्यांत बदलतो आणि ते फोटो निरुपयोगी होतात. मोबाइलवर काढलेले पाच फोटो पुरतात: समोरून हसरा चेहरा, समोरून न हसता, डावी बाजू, उजवी बाजू, आणि डोक्यापासून पायापर्यंत उभा. सकाळी नऊच्या सुमाराला किंवा संध्याकाळी पाचनंतर, सावलीत, साध्या भिंतीसमोर. एकरंगी टी-शर्ट, त्यावर कार्टून किंवा मोठं नाव नको. काजळ, लिपस्टिक, पावडर नको, ब्यूटी फिल्टर तर अजिबात नको. कास्टिंगवाल्याला मुलाची खरी त्वचा, खरे दात आणि खरे केस बघायचे असतात.

शाळेच्या गणवेशात फोटो देऊ नका, कारण त्यावरून शाळा ओळखता येते. मागे सोसायटीचं नाव दिसू देऊ नका. अंघोळीचे, अर्धवट कपड्यांतले फोटो कोणत्याही कारणाने मोबाइलवरून पाठवायचे नाहीत. डायपरच्या जाहिरातीसाठी असे फोटो लागतात, हे कारणसुद्धा चालत नाही. तो भाग काम पक्कं झाल्यावर, सेटवर, तुमच्यासमोर होतो.

माहितीच्या कागदावर हे असू द्या: मुलाचं पहिलं नाव, जन्ममहिना आणि वर्ष, उंची सेंटीमीटरमध्ये, छाती-कंबर, बुटाचा नंबर, येणाऱ्या भाषा, पोहणं-सायकल-नाच यांतलं खरोखर येणारं, कशाची अ‍ॅलर्जी, आणि पालकाचा एक नंबर. घरचा पत्ता आणि शाळेचं नाव करारापर्यंत कोणाला लागत नाही. मापं दर तीन महिन्यांनी नव्याने घ्या. जुनी उंची पाठवली की सेटवर पँट घोट्याच्या वर येते, कॉश्च्युमवाल्यांची धावपळ होते, आणि पुढच्या वेळी फोन येत नाही.

दातांचं विसरू नका. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात पडायला लागतात. ऑडिशनला दात होते आणि शूटच्या आदल्या रात्री एक पडला, असं झालं तर चॉकलेटच्या जाहिरातीचा क्लोज-अप अडकतो. दात हलायला लागला की एजन्सीला सांगा, पडला तर त्याच दिवशी नवा फोटो पाठवा. कधीकधी पडलेला दातच हवा असतो. केसांचंही तसंच. मूल लॉक झालं, म्हणजे त्याची निवड पक्की झाली, की शूट संपेपर्यंत कात्री लावायची नाही.

घरून पाठवायची ऑडिशन

आता पहिली ऑडिशन जवळपास नेहमी घरूनच व्हिडिओ करून पाठवायची असते. इथे चांगली मुलं मागे पडतात आणि त्यात चूक मुलांची नसते.

फोन आडवा धरा, आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. चार वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण ९० सेंटीमीटरवर असतात. पालक उभ्याने शूट करतात, त्यामुळे मूल वर मान करून बघतं, कपाळ मोठं आणि हनुवटी बारीक दिसते. खुर्चीवर दोन डबे रचून त्यावर फोन टेकवा. खिडकी मुलाच्या समोर असावी आणि तुमची पाठ खिडकीकडे. डोक्यावरची ट्यूबलाइट बंद, कारण तिने डोळ्यांखाली सावली पडते. पंखा बंद, आणि कुकर गॅसवर असताना सुरुवात नको.

पहिल्या भागात ओळख. नाव, वय, उंची, गाव, मग डावीकडे वळणं, उजवीकडे वळणं, आणि शेवटी दोन्ही हात पुढून-मागून. हात का? बिस्कीट, ग्लास, पेन्सिल सगळं हातात दिसतं, म्हणून नखं आणि खरचटलेलं बघतात. हे सगळं ३० सेकंदांत व्हावं.

दुसऱ्या भागात प्रसंग. समजा ओळ आहे, ‘बाबा, माझं दप्तर कुठंय?’ पालक आधी स्वतः सूर लावून म्हणून दाखवतात, मूल तोच सूर हुबेहूब परत म्हणतं, आणि व्हिडिओत शाळेच्या स्नेहसंमेलनाचा वास येतो. त्याऐवजी दप्तर खरोखर लपवा. मुलाला सांगा, शाळेची बस खाली आली आहे, आणि रेकॉर्डिंग सुरू करा. ते आधी पलंगाखाली बघेल, दाराआड बघेल, मग वैतागून विचारेल. ती वैतागलेली ओळ तुम्हाला शिकवून आणता आली नसती. प्रसंग समजावा, चाल समजावू नका. समोरच्याचे संवाद तुम्ही हळू आवाजात, कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून म्हणा, म्हणजे मुलाची नजर योग्य जागी राहील. तीन-चार टेक घ्या, त्यांतले चांगले दोनच पाठवा. मूल कंटाळलं असेल तर उद्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या व्हिडिओची चमक जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून जोडा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. फाइलला नाव, वय, उंची आणि शहर असं नाव द्या. एका दिवसात शेकडो फाइली बघणाऱ्या माणसाला ‘व्हिडिओ २०२३’ नावाची फाइल सापडत नाही. मागे संगीत, एडिटिंग अ‍ॅपचा शिक्का, आजीच्या टाळ्या यांतलं काही नको.

आवडलं तर बोलावणं येतं: कॉलबॅक म्हणजे दुसरी ऑडिशन, मग लुक टेस्ट म्हणजे कपडे-मेकअप करून बघणं, कधी मॉक शूट म्हणजे शूटची रंगीत तालीम. उत्तर न येणं म्हणजे नकार. कारण कोणी कळवत नाही आणि ते बहुधा मुलाच्या कामाशी संबंधित नसतं. जाहिरातीतल्या आईचा चेहरा ठरला आणि तुमचं मूल तिच्यासारखं दिसत नाही, एवढ्यावरही नाव गळतं. मुलाला निकाल सांगायच्या भानगडीत पडू नका. ऑडिशन झाली, वडापाव खाल्ला, विषय संपला.

एजन्सी पारखताना

ऑफिसात जा, एकदा तरी. पत्ता सांगायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. कंपनीचं नाव केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर आणि जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर फुकट तपासता येतो. नोंदणी कोणाच्या नावावर आणि कधीची आहे ते दिसतं. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची असेल तर विचारा. कोऑर्डिनेटरकडे अशी नोंदणी नसू शकते. तिथे त्याने गेल्या सहा महिन्यांत लावलेल्या तीन-चार जाहिरातींची नावं विचारा आणि त्यांतल्या एका मुलाच्या पालकांशी बोलणं करून द्यायला सांगा. खरा माणूस फोन जोडून देतो.

फसवणुकीचे साचे मोजकेच आहेत. मॉलमध्ये कोणीतरी मुलाचं कौतुक करतं, ‘सिलेक्ट झालाय’ म्हणून ऑफिसात बोलावतं, तिथे वीस मुलं निवडली गेलेली असतात आणि सगळ्यांना एकाच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करायचा असतो. किंवा नामांकित ब्रँडच्या नावाचं पत्र येतं, तारीख-वेळ-हॉटेल सगळं छापलेलं, फक्त कॉश्च्युमसाठी ‘परत मिळणारं’ डिपॉझिट भरायचं. किंवा ‘आर्टिस्ट कार्ड काढल्याशिवाय ऑडिशन होत नाही’ असं सांगतात. बालकलाकाराच्या ऑडिशनला कसलंही कार्ड लागत नाही. ब्रँडचं नाव आलं तर प्रॉडक्शन हाऊसचा नंबर तुम्ही स्वतः शोधून फोन करा. त्यांनी पाठवलेल्या नंबरवर केलेली चौकशी त्यांच्याच शेजारच्या टेबलावर जाते. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

पैशांपलीकडचा धोका मोठा आहे. ‘पालक समोर असले की मूल खुलत नाही, तुम्ही बाहेर बसा’ हे वाक्य ऐकलं की मुलाचा हात धरून निघायचं. मूल खुलत नसेल तर दार उघडं ठेवून, तुम्ही दिसाल अशा जागी बसून ऑडिशन घेता येते. मूल काही विचित्र सांगत असेल, गप्प झालं असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते, आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा सेटवरही तसाच लागू आहे.

करार

१८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार टिकत नाही. म्हणून सही पालक करतात, मुलाचे पालक या नात्याने. मुलाकडून कशावरही सही किंवा अंगठा घेऊ देऊ नका.

कागद दोन प्रकारचे असतात. एक एजन्सीशी वर्षाचा, दुसरा प्रत्येक कामाचा प्रॉडक्शनशी. एजन्सीच्या करारात आधी बघा तो एक्सक्लुझिव्ह आहे का. म्हणजे दुसऱ्या कोणामार्फत काम घेता येणार नाही. नव्या मुलासाठी असा करार सहसा तोट्याचा, कारण वर्षभर एकही ऑडिशन आली नाही तरी तुम्ही बांधलेले राहता. करायचाच झाला तर मुदत एक वर्ष, आपोआप नूतनीकरण नाही, आणि ३० दिवसांच्या लेखी सूचनेवर बाहेर पडता येईल असं लिहून घ्या. कमिशन किती टक्के एवढंच पुरत नाही. ते कशावर, हेही लिहिलेलं हवं: मानधनावर की प्रवासखर्च धरून सगळ्या रकमेवर, आणि करार संपल्यावर जुन्या जाहिरातीचं नूतनीकरण झालं तर त्यावरही का.

प्रॉडक्शनच्या कागदात खरा मुद्दा वापराचा असतो. जाहिरात कुठे दाखवणार (टीव्ही, डिजिटल, होर्डिंग, पॅकेट), कोणत्या देशांत, किती काळ. ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ असं लिहून एका दिवसाचे आठ हजार देतात आणि मुलाचा चेहरा कायमचा घेतात. एक वर्ष आणि ठरलेली माध्यमं, पुढे वाढवायचं तर वेगळे पैसे, ही वाजवी मागणी आहे. छोट्या कॅटलॉग शूटला यावर कोणी वाद घालू देत नाही, मोठ्या ब्रँडकडे मात्र घासाघीस होते. दुसरं कलम असतं स्पर्धक मालाचं: एका टूथपेस्टची जाहिरात केली की वर्षभर दुसऱ्या टूथपेस्टची करायची नाही. हे रास्त आहे, फक्त त्यात ‘सर्व पर्सनल केअर’ असं लिहिलं असेल तर साबण, तेल, शाम्पू सगळं हातचं गेलं. आणि हल्ली एक ओळ स्वतःहून घालून घ्या: मुलाचा चेहरा व आवाज वापरून एआयने नवी दृश्यं तयार करायची नाहीत.

कागद शूटच्या सकाळी, मेकअप चालू असताना पुढे केला जातो. त्या वेळी कोण वाचणार? आदल्या दिवशी मेलवर मागवा. इंग्रजी अवघड वाटलं तर वकिलाला किंवा कंपनीत काम करणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला दाखवा. सही केलेली प्रत हातात घेतल्याशिवाय सेट सोडू नका.

कायदा काय देतो

१४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यास मनाई आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा चित्रपट, मालिका, जाहिराती आणि खेळ यांना अटींसह सूट मिळाली. त्यातून सर्कस वगळलेली आहे. अटी २०१७ च्या नियमांत आहेत आणि पालकांनी त्या पाठच करून ठेवाव्यात. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शिक्षणात खंड पडू नये याची सोय निर्मात्याने करायची. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. आणि कमाईतले किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे.

परवानगी निर्मात्याने काढायची असते, ती जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातून. गोरेगावच्या चित्रनगरीत शूट असेल तर मुंबई उपनगर, मीरा रोडला ठाणे, नायगावला पालघर. सोबत मुलांची यादी, पालकांची संमती, मुलांच्या सुरक्षेला जबाबदार माणसाचं नाव आणि हमीपत्र द्यावं लागतं. हमीपत्र सहा महिने चालतं. मालिका त्यापुढे गेली तर नवीन लागतं. ‘परवानगीची प्रत पाठवा’ एवढा एक मेसेज शूटच्या दोन दिवस आधी करा. उत्तर कसं येतं त्यावरून प्रॉडक्शनची जात कळते. छोट्या डिजिटल शूटमध्ये परवानगी काढलीच नाही, असं सर्रास होतं. लक्षात ठेवा, अटी मोडून मुलाला व्यावसायिक कामाला पाठवलं तर कायदा पालकांनाही हात लावू शकतो.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला होता. त्यात संध्याकाळी सात ते सकाळी आठ मुलांना काम नको, सहा वर्षांखालच्या मुलांना प्रखर दिवे आणि त्रासदायक सौंदर्यप्रसाधनांपासून लांब ठेवा, असे मुद्दे होते. सेटवर बोलताना हे मुद्दे कामी येतात.

शूटचा दिवस

मोठ्यांची शिफ्ट बारा तासांची असते आणि सगळं वेळापत्रक त्यांच्यावर बेतलेलं असतं. मुलाला सकाळी सातला बोलावतात आणि पहिला शॉट दुपारी तीनला लागतो. तोवर ते झोपेला आलेलं, चिप्सवर वाढलेलं असतं, आणि मग ‘मूल कोऑपरेट करत नाही’ असा शेरा बसतो. आदल्या संध्याकाळी असिस्टंट डायरेक्टरला, म्हणजे एडीला फोन करून मुलाचे शॉट एकत्र लावायला सांगा आणि झोपेची वेळ कळवा. बऱ्याचदा हे जमतं, कारण झोपाळू मूल त्यांनाही नको असतं.

वहीत वेळा लिहा: पोहोचलो, मेकअप, पहिला शॉट, विश्रांती, पॅकअप. वाद झाला तर हीच वही उपयोगी पडते. पाच तास भरत आले की अर्धा तास आधी एडीला शांतपणे सांगा. पाच तास उलटल्यावर भांडण्यापेक्षा हे बरं.

पिशवीत मुलाचं नेहमीचं जेवण, पाणी, एक जादा कपड्यांचा जोड, पातळ चादर, औषधं आणि आवडतं खेळणं. मोबाइल शेवटचा उपाय म्हणून ठेवा. गेम अर्ध्यावर सोडून आलेलं मूल कॅमेऱ्यासमोर रुसतं. मेकअपचा स्पंज आणि ब्रश घरून न्या, स्पंज तर नवाच न्या, कारण सेटवरचा दहा चेहऱ्यांवर फिरलेला असतो. जाहिरातीत खायचं असेल तर किती टेक होतील ते विचारा. आइस्क्रीमचे वीस घास घेतल्यावर उलटी होणारच, म्हणून प्रत्येक टेकनंतर थुंकायला वाटी ठेवतात. ती मागून घ्या.

तुम्ही मॉनिटरच्या मागून सूचना ओरडू नका. दिग्दर्शक एक सांगतो, आई दुसरं खुणावते, मूल दोघांकडे बघतं आणि शॉट वाया जातो. मुलाच्या नजरेच्या टप्प्यात पण कॅमेऱ्याबाहेर बसा. कपडे बदलताना, टॉयलेटला जाताना फक्त तुम्ही सोबत, सेटवर चहा-पाणी बघणारा स्पॉटदादा कितीही प्रेमळ असला तरी. पाणी, उंची, आग, प्राणी, गाडी असलेला शॉट ऐनवेळी सुचला तर नाही म्हणायचा अधिकार तुमचा आहे. बाळ असेल तर एकाच भूमिकेसाठी दोन बाळं बोलावलेली असतात. एक झोपलं की दुसरं घेतात. त्यामुळे रडणाऱ्या बाळाला जबरदस्तीने उभं करायचं कारण नाही. मात्र दिवस वाया गेला तरी मानधन मिळणार का, हे आधीच ठरवा.

पैसे

ताबडतोब पैसे मिळतील असं धरू नका. शूटनंतर ४५ ते ९० दिवस ही रीत आहे. मालिकांत ९० दिवस नेहमीचेच. करारात तारीख लिहून घ्या.

समजा मानधन ४०,००० ठरलं. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, १० टक्के धरला तर ४,००० गेले. एजन्सीचे २० टक्के, ८,०००. मुदत ठेवीत २० टक्के, ८,०००. हातात येतात २०,०००, त्यातून प्रवास आणि त्या दिवशी बुडालेली तुमची रजा. हा आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवला की पुढची निराशा टळते.

मुलाचं पॅन कार्ड काढा, अज्ञान मुलाचंही निघतं. पॅन नसेल तर टीडीएस २० टक्के कापला जातो. मुलाने स्वतःच्या कलेवर मिळवलेलं उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, मुलाच्याच नावे धरलं जातं. म्हणजे त्याचं स्वतंत्र विवरणपत्र पालकांनी भरायचं, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर कापलेला टीडीएस परत येतो. मुदत ठेवीचं व्याज मात्र जास्त उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नात धरतात. यात एक गोची आहे. बिल एजन्सी स्वतःच्या नावाने प्रॉडक्शनला देते, मग टीडीएसही एजन्सीच्या पॅनवर दिसतो आणि तुमच्या मुलाच्या २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या नोंदीत, काहीच येत नाही. बिल कोणाच्या नावे जाणार आणि टीडीएस कोणाच्या पॅनवर पडणार, हे होकार देण्याआधी विचारा. ठेवीची पावतीही मागा. अनेक प्रॉडक्शन पूर्ण रक्कम एजन्सीला देऊन मोकळे होतात आणि २० टक्क्यांची आठवण कोणी काढत नाही. तुम्ही काढा, लेखी.

शाळा, आणि थांबायची वेळ

मुख्याध्यापकांना पहिल्याच कामाआधी भेटा आणि रजेचा अर्ज लेखी द्या. पोट दुखण्याची खोटी कारणं टीव्हीवर मूल दिसलं की उघडी पडतात. चाचणीच्या आठवड्यातल्या तारखा एजन्सीला महिनाभर आधी कळवा. मालिका घेण्यापूर्वी महिन्याला किती दिवस लागतील, हे आकड्यात विचारा. महिन्याचे पंधरा दिवस शूटिंगला जाणारं मूल शाळेत पाहुण्यासारखं होतं, आणि घरी धाकटं भावंड असेल तर त्याचाही विचार करावा लागतो.

मूल सलग दोन ऑडिशनला जायला नको म्हणालं तर महिनाभर एजन्सीला ‘उपलब्ध नाही’ असं कळवा. कारण सांगायची गरज नसते. ठरलेलं काम मात्र मधेच सोडू नका. कंटिन्युइटी, म्हणजे आधीच्या दृश्यांशी जुळणी, अडकते आणि कराराचं नुकसान तुमच्यावर येऊ शकतं. एजन्सीच सोडायची झाली तर सूचना मेलवर द्या, थकलेल्या मानधनाची यादी तारखांसह जोडा, आणि मुलाचे फोटो-व्हिडिओ त्यांच्या साइटवरून आणि ग्रुपमधून काढल्याची खात्री लेखी मागा. पंधरा दिवसांनी मुलाच्या नावाने एकदा शोधून बघा, राहिलेलं दिसलं की त्याच मेलच्या खाली पुन्हा लिहा.